तीन हजारांचा साक्षीदार : होसे आर्कादियो सेगुंदो आणि केळीबागांचा इतिहास

जादुई वास्तववाद ही संज्ञा आपल्या वर्गांतून आणि समीक्षालेखांतून रुळली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. तिची उदाहरणे मागितली की ती ठरलेल्या क्रमाने पुढे येतात. सुंदर रेमेदिओस वाळत घातलेल्या चादरींसह आकाशात निघून जाते, माउरिसिओ बाबिलोनियाच्या मागे पिवळी फुलपाखरे भिरभिरतात, मृत मुलाच्या रक्ताची धार रस्ते ओलांडत आईच्या स्वयंपाकघरापर्यंत येते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६७ साली ब्वेनोस आइरेस येथे प्रसिद्ध झालेल्या 'सिएन आन्योस दे सोलेदाद', म्हणजेच आपल्याकडे 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या इंग्रजी नावाने परिचित असलेल्या कादंबरीची ही जणू नेहमीची ओळखपत्रे. या यादीत होसे आर्कादियो सेगुंदो हे नाव फारसे आढळत नाही. तो आकाशात जात नाही, त्याच्याभोवती फुलपाखरे नाहीत. त्याच्या बाबतीत घडलेली सर्वांत अद्भुत गोष्ट एवढीच, की त्याने जे डोळ्यांनी पाहिले त्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. आमच्या मते, या कादंबरीचे इतिहासाशी असलेले नाते तपासायचे असेल तर याच पात्रापाशी थांबावे लागते.

बुएंदिया घराण्याच्या चौथ्या पिढीतला हा मुलगा. माकोन्दो वसवणाऱ्या होसे आर्कादियो बुएंदियाचा पणतू, गोळी घालून मारल्या गेलेल्या आर्कादियोचा, बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा आणि आउरेलियानो सेगुंदोचा जुळा भाऊ. लहानपणी हे दोघे कपडे आणि नावे बदलून घरच्यांना इतके फसवीत, की पुढे कोण कोणता हे त्यांचे त्यांना तरी ठाऊक राहिले असेल का, अशी शंका उर्सुलाला येते. घराण्यात होसे आर्कादियो नावाचे पुरुष धिप्पाड व दांडगे आणि आउरेलियानो नावाचे अंतर्मुख असतात. या जुळ्यांत मात्र स्वभाव आणि नाव यांची अदलाबदल झालेली दिसते. हा तपशील केवळ गमतीचा नाही. ज्याची साक्ष कादंबरीच्या मध्यभागी असणार आहे, त्या साक्षीदाराच्या नावाचीच खात्री कादंबरीकाराने आधी काढून घेतली आहे.

त्याच्या बालपणातला दुसरा प्रसंगही पुढच्या घटनांशी जोडलेला आहे. कर्नल खेरिनेल्दो मार्केस त्याला, त्याच्याच हट्टावरून, एका माणसाला गोळी घालण्याची शिक्षा दिली जात असताना दाखवायला नेतो. त्या मृताचा चेहरा आणि त्याला जिवंतच पुरले जात असल्याचा समज मुलाच्या मनातून जन्मभर जात नाही. सैन्याचा तिटकारा आणि जिवंत पुरले जाण्याची भीती, या दोन गोष्टी तो तेथूनच घेऊन येतो. पुढे तो कोंबड्यांच्या झुंजी लावतो, नदीतून जलमार्ग काढण्याचा खटाटोप करतो, केळी कंपनीत मुकादम होतो आणि मग एके दिवशी ती नोकरी सोडून कामगारांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. या शेवटच्या वळणावर बुएंदियांच्या घरगुती कथेचा रस्ता कोलंबियाच्या लिखित इतिहासाला येऊन मिळतो.

तो इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सांता मार्ता, सिएनागा, आराकाताका या पट्ट्याला 'केळी विभाग' असेच म्हटले जाई. १८९९ साली स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनी या अमेरिकन कंपनीचे तेथील केळीच्या निर्यातीवर वर्चस्व होते. आराकाताकाजवळच्या एका केळीबागेचे नाव माकोन्दो होते. कंपनीचे अधिकारी कुंपणाआडच्या वेगळ्या वसाहतीत राहत. बागांत राबणारे बहुसंख्य मजूर मात्र कागदोपत्री कंपनीचे नोकरच नव्हते. कंपनी कंत्राटदारांशी करार करी आणि मजूर कंत्राटदारांचे गणले जात. देशात अपघाताची भरपाई आणि सामूहिक विमा यांचे कायदे झाले होते. परंतु ज्याला एकही कामगार नाही त्या मालकाला कामगार कायदा लागू कसा होणार, अशी ही सोय होती. वेतनाचा काही भाग रोख न देता चिठ्ठ्यांच्या रूपात दिला जाई आणि त्या चिठ्ठ्या कंपनीच्याच दुकानांत चालत.

१२ नोव्हेंबर १९२८ रोजी संप सुरू झाला. कामगारांच्या मागण्या नऊ होत्या. सामूहिक विमा, अपघातांची भरपाई, राहण्यायोग्य घरे व रविवारची सुटी, कमी वेतन असणाऱ्यांना पन्नास टक्के वाढ, कंपनीची दुकाने बंद करणे, चिठ्ठ्यांतून वेतन देणे थांबवणे, पंधरवड्याऐवजी आठवड्याला पगार, कंत्राटी पद्धत रद्द करून सामूहिक करार आणि दवाखान्यांची पुरेशी सोय. यांतील कोणतीही मागणी क्रांतीची नव्हती. काही तर देशाचा प्रचलित कायदा पाळा एवढेच म्हणत होत्या. संपात हजारो मजूर उतरले. मिगेल आबादिया मेंदेस यांच्या काँझर्व्हेटिव्ह सरकारने विभागात सैन्य धाडले आणि जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास यांच्या हाती सूत्रे दिली.

५ डिसेंबरच्या रात्री सिएनागा येथील रेल्वे स्थानकाजवळच्या चौकात संपकरी आपल्या बायकामुलांसह जमले होते. प्रांताचा गव्हर्नर येणार, तडजोड होणार, अशी वार्ता होती. गव्हर्नर आला नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर लष्करी कायदा लागू झाल्याचा हुकूम वाचून दाखवण्यात आला, पांगण्यासाठी काही मिनिटांची मुदत देण्यात आली, बिगुल वाजले आणि सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पुढील दिवसांत धरपकड आणि गोळीबार विभागभर चालू राहिला. अमेरिकन नागरिकांच्या रक्षणाच्या निमित्ताने अमेरिकेच्या युद्धनौका सैन्य उतरवतील, ते टाळण्यासाठी ही कारवाई करावी लागली, असे समर्थन कोर्तेस वार्गास यांनी नंतर केले. त्यांच्या हुकूमनामा क्रमांक चारने संपकऱ्यांना गुन्हेगारांची टोळी ठरवले.

आता कादंबरीकडे वळू. मार्केस यांनी या घटनेत काय राखले आणि काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे. गाव बदलले, सिएनागाचे माकोन्दो झाले. वेळ बदलली, मध्यरात्रीच्या अंधाराऐवजी भर दुपारचे ऊन आले. परंतु जनरल कार्लोस कोर्तेस वार्गास हे नाव जसेच्या तसे ठेवले आणि हुकूमनाम्याचा क्रमांकही चारच ठेवला. जेथे माणसे शेपटीसह जन्मतात आणि धर्मोपदेशक चॉकलेट पिऊन जमिनीपासून अधांतरी उचलला जातो, त्या कादंबरीत सरकारी कागद मात्र खराखुरा आहे. कंत्राटी मजुरांची कायदेशीर सोयही अशीच आली आहे. कंपनीच्या नोकरीत कामगार नव्हतेच, कधी नव्हते आणि नसतील, असा निकाल माकोन्दोच्या खटल्यात दिला जातो. वर्गात वाचताना विद्यार्थी येथे हसतात आणि यालाच जादू म्हणतात. वस्तुतः कल्पनेचा वाटा या परिच्छेदात सर्वांत कमी आहे. वकिलांचा जो युक्तिवाद इतिहासात होता, तोच कादंबरीकाराने त्याच्या तार्किक टोकापर्यंत नेला, इतकेच.

चौकातील गर्दीत होसे आर्कादियो सेगुंदो आहे. एका लहान मुलाला तो खांद्यावर घेतो, जेणेकरून त्याला नीट दिसावे. स्वतः लहानपणी पाहू नये ते पाहिलेला हा माणूस आता दुसऱ्या मुलाला पाहायला लावतो आहे. हा मुलगाही जगतो, म्हातारपणी ती हकीकत सांगत राहतो आणि लोक त्याला भ्रमिष्ट समजतात. होसे आर्कादियो सेगुंदो शुद्धीवर येतो तो मालगाडीत, प्रेतांच्या राशीत. केळीचे घड ज्या रीतीने रचावेत त्या रीतीने रचलेली ती प्रेते समुद्राकडे चालली आहेत. गाडीला जवळजवळ दोनशे डबे आहेत. तो उडी टाकतो, पावसात चालत माकोन्दोला परततो आणि पहिल्या उघड्या घरात शिरतो. ज्या बाईने त्याला कॉफी दिली, तिला तो मृतांची संख्या सांगतो. ती त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहते आणि गावात कोणी मेलेच नसल्याचे सांगते. पुढच्या घरीही तेच, सख्ख्या जुळ्या भावाकडेही तेच. आणि मग पाऊस सुरू होतो, जो चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस थांबत नाही.

यापुढचा प्रसंग आम्हांला संपूर्ण कादंबरीतला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. संपाच्या पुढाऱ्यांना रात्री घराघरांतून उचलून नेले जात असताना सैनिक बुएंदियांच्या घराचीही झडती घेतात. होसे आर्कादियो सेगुंदो मेल्कियादेसच्या खोलीत बसलेला आहे. अधिकारी दार उघडतो, कंदिलाच्या उजेडात तो जेथे बसला आहे तेथेच पाहतो आणि त्याला माणूस दिसत नाही. घरच्यांना जी खोली स्वच्छ दिसते, ती अधिकाऱ्याला शंभर वर्षे कोणी राहिले नसल्यासारखी भासते. या अदृश्यतेला चमत्कार म्हणून सोडून देता येत नाही. ज्या राज्यसंस्थेने कागदावर कामगार नाहीत असे लिहिले, मृत नाहीत असे सांगितले, तिच्या प्रतिनिधीच्या डोळ्यांना समोर बसलेला साक्षीदार न दिसणे हा त्या लेखनाचाच पुढचा टप्पा आहे. येथे जादू सत्तेच्या नजरेत आहे, आणि तीच या एका माणसाचा जीव वाचवते.

आता आकड्याचा प्रश्न. मृत किती, याविषयी इतिहासात एकवाक्यता नाही. कोर्तेस वार्गास यांच्या बाजूने ४७ हा आकडा सांगितला जातो. बोगोता येथील अमेरिकेचे राजदूत जेफरसन कॅफरी यांनी जानेवारी १९२९ मध्ये आपल्या सरकारला पाठवलेल्या पत्रात, कंपनीच्याच प्रतिनिधीचा हवाला देऊन, मृतांची संख्या एक हजाराहून अधिक असल्याचे कळवले. या दोन टोकांच्या दरम्यान अनेक अंदाज आहेत. कादंबरीतला तीन हजार हा आकडा मात्र कोणत्याही समकालीन दस्तऐवजातून आलेला नाही. खुद्द मार्केस यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीला दिलेल्या एका मुलाखतीत हे स्पष्टपणे मान्य केले. मृतांची खरी संख्या फार मोठी नसावी असे शोध घेताना त्यांना जाणवले होते. परंतु कादंबरीत एक अख्खी आगगाडी प्रेतांनी भरायची होती, आणि पुस्तकाच्या एकूण प्रमाणाला शोभेल असा आकडा त्यांनी निवडला. इतिहासकार एदुआर्दो पोसादा कार्बो यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच कबुलीचा आधार घेऊन आक्षेप नोंदवला. कादंबरीतील वर्णन इतिहास म्हणून स्वीकारले गेले, पाठ्यपुस्तकांपासून विद्वानांच्या लेखनापर्यंत ते झिरपले आणि सरकारने घटना दडपून टाकली हा समजही तपासून न घेता रूढ झाला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

हा आक्षेप गंभीर आहे आणि साहित्याच्या प्रेमापोटी तो झटकून टाकणे आम्हांला योग्य वाटत नाही. वस्तुस्थिती अशी, की १९२८ नंतर कोलंबियात सर्वत्र शांतता पसरली नव्हती. तरुण लिबरल नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांनी १९२९ मध्ये केळी विभागात जाऊन साक्षी-पुरावे गोळा केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात संसदेत सरकारला धारेवर धरले. कोर्तेस वार्गास पुढे बोगोता येथे पोलीसप्रमुख झाले, पण जून १९२९ मधील विद्यार्थी आंदोलनानंतर त्यांना ते पद सोडावे लागले. १९३० च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्षाची दीर्घ सत्ता संपली. म्हणजे या हत्याकांडाविषयी बोलले गेले, भांडले गेले, त्याची राजकीय किंमतही मोजली गेली. शिवाय १९६२ मध्ये, मार्केस यांच्या कादंबरीच्या पाच वर्षे आधी, त्यांचेच मित्र आल्वारो सेपेदा सामुदियो यांनी 'ला कासा ग्रांदे' ही कादंबरी याच घटनेवर लिहिली होती. संप मोडायला निघालेल्या सैनिकांच्या संवादाने ती सुरू होते आणि गोळीबाराच्या दृश्यापेक्षा त्याआधीच्या व नंतरच्या मनःस्थितींवर ती भर देते. तेव्हा माकोन्दोतील संपूर्ण विस्मरण हे इतिहासाचे जसेच्या तसे चित्र नाही, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. कादंबरी खरोखर तीन हजार मेले असे सांगते का? मजकूर काळजीपूर्वक वाचला तर उत्तर तितके सरळ नाही. स्थानकासमोर तीन हजारांहून अधिक माणसे जमली होती, हे निवेदक सांगतो. तो जमावाचा आकडा आहे. मृतांचा आकडा निवेदक सांगत नाही, तो होसे आर्कादियो सेगुंदो सांगतो. कॉफी देणाऱ्या बाईपाशी तो प्रथम अंदाजाने बोलतो, आणि तिला समजले नाही म्हणून खुलासा करतो की स्थानकात होते ते सर्वच मेले असावेत. डोक्याला जखम झालेल्या, अंधारात डब्यांमागून डबे ओलांडत आलेल्या माणसाचे हे अनुमान आहे. जमावाची संख्या त्याने प्रेतांना लावली आहे. पुढे वर्षानुवर्षे त्या खोलीत एकटा राहिल्यावर अंदाजाचे शब्द गळून पडतात. मरणापूर्वी तो तरुण आउरेलियानोला बजावतो तेव्हा ते तीन हजारांहून अधिक झालेले असतात आणि त्यात तिळमात्र शंका उरलेली नसते. ज्याचे म्हणणे कोणीच ऐकून घेत नाही, त्याला आपला आकडा तपासून पाहण्याची संधीही मिळत नाही. प्रतिप्रश्न करणारा कोणी असता, दुसरा साक्षीदार शेजारी बसता, तर तो आकडा कदाचित कमी झाला असता, कदाचित वाढला असता. पण तो चर्चेत राहिला असता. नकाराच्या भिंतीआड कोंडलेला अंदाज मात्र जपमाळेसारखा होतो.

आमच्या वाचनाप्रमाणे कादंबरीने तीन हजार हा आकडा इतिहासाच्या हाती ठेवण्यापेक्षा असा आकडा कसा जन्मतो, कसा घट्ट होतो आणि कसा वारसाने जातो, याचे चरित्र लिहिले आहे. म्हणूनच साक्षीदाराच्या नावाविषयी शंका आधीच पेरलेली आहे. म्हणूनच दोघे जुळे एकाच क्षणी मरतात आणि दारू प्यालेले मित्र शवपेट्यांची अदलाबदल करून त्यांना चुकीच्या खड्ड्यांत पुरतात. दिलेल्या वचनाप्रमाणे सांता सोफिया दे ला पिएदाद होसे आर्कादियो सेगुंदोचा गळा मृत्यूनंतर चिरते, जेणेकरून तो जिवंत पुरला जाऊ नये. देह जिवंत पुरला जात नाही. साक्ष मात्र जिवंतच पुरली जाते. पुढे आउरेलियानो ती हकीकत सांगतो तेव्हा लोक त्याला शाळेची पाठ्यपुस्तके दाखवतात, ज्यांत केळी कंपनीच नाही. त्याच्यावर विश्वास ठेवतो तो एकटा गाब्रिएल, कर्नल खेरिनेल्दो मार्केसचा वंशज, जो पुढे पॅरिसला निघून जातो. लेखकाने येथे स्वतःला श्रुतिपरंपरेतल्या शेवटच्या दुव्याचे स्थान दिले आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नव्हे. मार्केस यांचा जन्म ६ मार्च १९२७ चा, म्हणजे गोळीबाराच्या वेळी ते पावणेदोन वर्षांचे होते. अनेक वर्षे त्यांचे जन्मसाल १९२८ असे छापले जात होते, हा योगायोगही बोलका आहे.

विडंबना अशी, की कादंबरीबाहेर आकड्याचा प्रवास कादंबरीतल्यासारखाच झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मार्केस सांगतात, की घटनेच्या एका स्मृतिदिनी सिनेटमधील वक्त्याने तीन हजार हुतात्म्यांसाठी मौन पाळण्याचे आवाहन केले. होसे आर्कादियो सेगुंदोला जो श्रोता मिळाला नाही, तो त्याच्या आकड्याला मिळाला. उलट दिशेनेही वारे वाहिले. २०१७ मध्ये कोलंबियाच्या संसदेतील एका सदस्येने हे हत्याकांड म्हणजे साम्यवाद्यांनी रचलेली दंतकथा असल्याचे जाहीरपणे म्हटले. कादंबरीतला आकडा कल्पित ठरला, म्हणून चौकातील प्रेतेही कल्पित ठरवण्याचा हा मार्ग. अतिशयोक्तीचा धोका नेमका येथे दिसतो. आकडा फुगवला की नाकारणाऱ्याला घटना नाकारण्याचे निमित्त मिळते. पण ४७ म्हणा की हजार, मुदत देऊन, बिगुल वाजवून, निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या हे गोळीबार करवणाऱ्या सेनापतीनेही नाकारलेले नाही. हे दोन मुद्दे वेगळे ठेवणे, हे आजच्या वाचकाचे कर्तव्य ठरते.

आणि हा प्रश्न केवळ जुन्या कागदांचा राहिलेला नाही. युनायटेड फ्रूटची वारस असलेल्या चिकिता कंपनीने कोलंबियातील एका निमलष्करी संघटनेला पैसे दिल्याचा गुन्हा २००७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात कबूल केला. जून २०२४ मध्ये फ्लोरिडातील ज्यूरीने त्या संघटनेने केलेल्या हत्यांबद्दल कंपनीला जबाबदार धरून मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई देण्याचा निर्णय दिला. माकोन्दोच्या न्यायालयात कामगारच नव्हते. फ्लोरिडाच्या न्यायालयात मृतांना नावे होती, वारस होते आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारे लोक होते. होसे आर्कादियो सेगुंदोला हवे होते ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

म्हणून वर्गात ही कादंबरी शिकवताना आम्ही एक पथ्य पाळावे असे सुचवतो. तीन हजार हा आकडा फळ्यावर इतिहास म्हणून लिहू नये आणि कादंबरीकाराचे असत्य म्हणून पुसूही नये. त्याऐवजी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत. हा आकडा कोण सांगतो? तो कोणाला सांगतो? आणि ऐकणारा काय म्हणतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना जादुई वास्तववादाची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही. ज्या माणसाने पाहिले त्याला भ्रमिष्ट ठरवणारे आणि ज्या हुकूमनाम्याने नाकारले त्याला प्रमाण मानणारे जग किती सहज उभे राहते, हे त्यांना आपोआप कळते. उरतो तो पाऊस. तोही नीट पाहिला तर काही अपरिचित नाही. रक्ताचे डाग धुऊन निघावेत म्हणून पडणारा पाऊस कोणत्याही भाषेच्या वाचकाला ओळखू येतो.